गजकर्ण, घरची ट्यूब आणि नव्या औषधाची परीक्षा

मंडळाच्या उन्हाळी पिकनिकमध्ये एका मैत्रिणीने मला जरा बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "अगं, तू बुरशीच्या लॅबमध्ये काम करतेस ना? ह्यांच्या कमरेवरचं गजकर्ण चार महिने झाले तरी जात नाही. इंडियाहून आणलेली एखादी जालीम ट्यूब आहे का तुझ्याकडे?" तासाभरात आणखी दोघांनी जवळजवळ हाच प्रश्न विचारला. एकाने तर खिशातून ट्यूब काढूनच दाखवली.

गजकर्ण, नायटा, चिखल्या ही दुखणी आपण चारचौघांत बोलत नाही. जांघेत खाज सुटते हे कुणाला सांगणार? म्हणून मग बॅगेतून आलेली ट्यूब, शेजारणीने दिलेली ट्यूब, कपाटात उरलेली ट्यूब असा घरगुती इलाज महिनोन् महिने चालू राहतो.

मी गेली काही वर्षे एका प्रयोगशाळेत बुरशीवरची नवी औषधे तपासण्याचे काम करते. हे काम कसे चालते, नवे औषध यायला इतका वेळ का लागतो आणि त्याचा आपल्या बॅगेतल्या ट्यूबशी काय संबंध, हे सांगावे म्हणून हा लेख. आधी एक कबुली देते. ट्यूबची चूक माझ्याच घरात, माझ्याच हातून झाली आहे.

आमच्या घरची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. त्याआधी आमचे हे भारतात जाऊन आले होते आणि त्यांच्या कमरेवर पट्ट्याच्या जागी लालसर, खाजरे गोल चट्टे उठले होते. सासूबाईंनी पर्समधून ट्यूब काढली. "आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टनं दिली. दोन दिवसांत खाज थांबते बघ." मी ट्यूब हातात घेतली, वरचे मोठे नाव वाचले, त्यात बुरशीवरचे औषध आहे एवढे पाहिले आणि म्हणाले, "लावा, चालेल." मागच्या बाजूची बारीक अक्षरे मी वाचली नाहीत.

खाज खरोखरच दोन दिवसांत थांबली. लाली गेली. ह्यांनी आठवड्याने ट्यूब बंद केली. पंधरा दिवसांनी चट्टे परत आले, आधीपेक्षा मोठे, पण कडा पुसट. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा चट्टे. तिसऱ्या फेरीनंतर सासूबाईंच्या मानेवर आणि काखेतही तसेच चट्टे दिसू लागले. तेव्हा मी ट्यूब उलटी करून पाहिली. बुरशीवरच्या औषधाबरोबर त्यात जिवाणूंवरचे एक औषध होते आणि क्लोबेटासोल हे अतिशय कडक स्टेरॉइड होते.

स्टेरॉइड काय करते? त्वचेची लाली आणि खाज ही आपल्या शरीराने बुरशीशी चालवलेल्या लढाईची खूण असते. स्टेरॉइड ती लढाईच थांबवते. वरून सगळे शांत दिसते आणि खाली बुरशी निवांत पसरते. गजकर्णाचे ओळखीचे गोल कडेही पुसले जाते, त्यामुळे डॉक्टरांनाही ते पटकन ओळखता येत नाही. भारतात अशा मलमांचा वापर इतका वाढला की २०१८ साली तिथल्या सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम काढला. बुरशीवरचे औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे अमेरिकेतही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, तेव्हा दोष केवळ तिकडचा असे समजू नये.

त्वचेच्या डॉक्टरांनी दोघांनाही टर्बिनाफिनच्या गोळ्या दिल्या. गजकर्णावर वर्षानुवर्षे हुकमी ठरलेले हे औषध. चार आठवड्यांत फरक पडला नाही. मग त्यांनी त्वचा खरवडून नमुना घेतला आणि बुरशी वाढवून तपासायला पाठवली. अहवाल आला तो वाचून मी खुर्चीत बसले. ज्या बुरशीच्या ताटल्या मी कामावर रोज हाताळते, तीच आमच्या घरी मुक्कामाला आली होती.

ही बुरशी कोणती?

तिचे नाव ट्रायकोफायटन इंडोटिनिए. त्वचेच्या, केसांच्या आणि नखांच्या कठीण भागात केराटिन नावाचे प्रथिन असते, त्यावर जगणाऱ्या बुरश्यांच्या घराण्यातली ही एक. २०१० नंतरच्या दशकात भारतात बऱ्या न होणाऱ्या गजकर्णाची जणू साथ पसरली. जपानमध्ये राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून मिळालेल्या बुरशीचा तिथल्या संशोधकांनी अभ्यास केला आणि २०२० साली तिला हे वेगळे नाव दिले.

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सी.डी.सी. या संस्थेने न्यूयॉर्क शहरातल्या दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेत या बुरशीची नोंद झालेले ते पहिले रुग्ण. एकीचा त्रास बांगलादेशात असताना सुरू झाला होता. दुसरी २८ वर्षांची गरोदर स्त्री होती, आणि तिने परदेशप्रवास केलेलाच नव्हता. म्हणजे बुरशी तोपर्यंत इथे पोचून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली असावी. दोघींनाही टर्बिनाफिनचा उपयोग झाला नाही.

नावात 'इंडो' आहे म्हणून कुणी कमीपणा वाटून घेऊ नये आणि कुणाला हिणवूही नये. बुरशीला पासपोर्ट लागत नाही. आज ती अनेक देशांत आढळते.

टर्बिनाफिन तिच्यावर का चालत नाही हे समजून घेण्यासारखे आहे. बुरशीच्या पेशीभोवती जे आवरण असते त्याच्या बळकटीसाठी तिला अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. तो तयार करताना स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचे एक एन्झाइम लागते. टर्बिनाफिन नेमके त्या एन्झाइमला जाऊन चिकटते आणि काम बंद पाडते. या बुरशीच्या बऱ्याच वाणांमध्ये त्या एन्झाइमच्या साखळीतला ३९३ वा किंवा ३९७ वा दुवा बदललेला असतो. शेकडो दुव्यांतला एक. पण कुलपाची एक खाच बदलली की जुनी किल्ली फिरत नाही, तसे होते. बुरशीचे काम चालू राहते, औषध बाहेर घुटमळते.

बुरशीवरची औषधे इतकी थोडी का?

लोक विचारतात, जिवाणूंवर इतकी अँटिबायोटिक्स आहेत, मग बुरशीवर का नाहीत? याचे उत्तर असे की बुरशी ही नात्याने जिवाणूंपेक्षा आपल्याला जास्त जवळची आहे. जिवाणूच्या पेशीची भिंत आपल्याकडे नाही, म्हणून पेनिसिलिन ती भिंत पाडते आणि आपल्याला धक्का लावत नाही. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीसारखीच: केंद्रक आहे, प्रथिने बनवण्याची यंत्रणा बरीचशी सारखी आहे. बुरशीला मारणारे विष बहुधा आपल्यालाही मारते. फरकाच्या जागा थोड्या. त्यातली मोठी जागा म्हणजे आपण कोलेस्टेरॉल वापरतो तिथे ती अर्गोस्टेरॉल वापरते. आजची बरीचशी औषधे या एकाच फरकावर उभी आहेत.

पहिल्या यशाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन स्त्रिया काम करत. हेझनबाई न्यूयॉर्क शहरात मातीतले जीव वाढवून त्यांचा बुरशीवर परिणाम पाहत, ब्राऊनबाई ऑल्बनीत त्यातला रासायनिक पदार्थ वेगळा काढत, आणि नमुने दोघींमध्ये काचेच्या बरण्यांतून टपालाने ये-जा करत. १९५० साली त्यांनी नायस्टॅटिन जाहीर केले. न्यूयॉर्क स्टेट या शब्दांवरूनच ते नाव पडले. त्यातून मिळालेले १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक उत्पन्न दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. (जाता जाता: नायस्टॅटिन कँडिडा जातीच्या बुरशीवर चालते, गजकर्णावर नाही. बाळाच्या डायपर रॅशची उरलेली ट्यूब गजकर्णाला लावून फायदा नाही.)

आपल्या पिंपरीचाही या इतिहासात वाटा आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले. त्या जिवाणूचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचे नाव असे जगातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत गेले. हॅमायसिन पोटातून नीट शोषले जात नसल्यामुळे ते मुख्यतः वरून लावण्यापुरते राहिले. औषध प्रभावी असणे आणि ते रोगाच्या जागी पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे हा मुद्दा पुन्हा येईल.

आप्पेपात्रातली परीक्षा

आता माझ्या रोजच्या कामाकडे येते. रसायनशास्त्राचे लोक नवी संयुगे बनवून लहान बाटल्यांतून आमच्याकडे पाठवतात. प्रत्येक बाटलीत चिमूटभर पांढरी पूड. आमचा पहिला प्रश्न एकच असतो. बुरशी थांबवायला हे कमीत कमी किती लागते?

आधी बुरशी वाढवावी लागते. तिच्यासाठी घट्ट केलेल्या खाद्याच्या ताटलीवर ती पेरून एक-दोन आठवडे थांबायचे. वर मैद्यासारखा पांढरट थर येतो. तो द्रवात हलकेच सोडवून त्यातले बीजाणू गाळून घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे आणि एका मिलिलिटरमध्ये साधारण एक ते तीन हजार बीजाणू राहतील असे पातळ करायचे. ही मोजणी महत्त्वाची आहे. बीजाणू जास्त पडले तर चांगले औषधही नापास दिसते, कमी पडले तर वाईट औषधही पास होते.

मग येते आमचे आप्पेपात्र. तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली, तिला ९६ खळगे: आठ ओळी, प्रत्येक ओळीत बारा. पहिल्या खळग्यात औषध मिलिलिटरला १६ मायक्रोग्रॅम (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). दुसऱ्यात त्याच्या निम्मे, ८. मग ४, २, १, असे निम्मे निम्मे करत दहाव्या खळग्यात ०.०३. अर्धे भांडे ताक घेऊन त्यात तेवढेच पाणी घालायचे, त्यातले अर्धे घेऊन पुन्हा तेवढेच पाणी घालायचे, तसाच हा प्रकार. अकराव्या खळग्यात औषध नसते, फक्त बुरशी. ती वाढलीच पाहिजे. बाराव्यात बुरशी नसते. तिथे काही उगवले तर ताटली अस्वच्छ होती असे समजून सगळे फेकायचे आणि पुन्हा मांडायचे. असे दोन पहारेकरी नसतील तर मधल्या दहा खळग्यांवर विश्वास कसा ठेवणार?

ताटली ३५ अंश सेल्सियसला चार दिवस ठेवायची आणि मग पाहायचे. ज्या सर्वांत कमी मात्रेत बुरशीची वाढ अकराव्या खळग्याच्या मानाने ८० टक्क्यांनी घटलेली दिसते, ती त्या औषधाची किमान रोधक मात्रा. आकडा जितका लहान, तितके औषध तेज. पण एका पायरीचा फरक आम्ही फरक मानत नाही. आज १ आले आणि उद्या २ आले तर ते हाताच्या आणि डोळ्याच्या चुकीत धरायचे.

साध्या गजकर्णाच्या बुरशीला टर्बिनाफिन ०.०३ किंवा त्याहूनही कमी पुरते. आमच्याकडच्या इंडोटिनिएच्या काही वाणांच्या ओळीत १६ च्या खळग्यातही बुरशी पांढरी स्वच्छ वाढलेली असते. म्हणजे पाचशे पटींहून अधिक औषध देऊनही तिला फिकीर नाही. ती ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा औषध घालायला विसरले की काय, असे वाटून मी सगळी नोंदवही पुन्हा तपासली होती.

नव्या संयुगाची खरी परीक्षा इथेच होते. एका ओळीत साधी बुरशी, शेजारच्या ओळीत टर्बिनाफिनला न जुमानणारी. नवे संयुग पहिल्या ओळीत उत्तम आणि दुसऱ्या ओळीत निकामी ठरले, तर बहुधा ते त्याच जुन्या कुलपाला हात घालत आहे. दोन्ही ओळींत आकडा सारखाच आला तर आम्ही खूश होतो, कारण त्याने आत शिरायची दुसरी वाट शोधली असण्याचा संभव असतो. आमच्या चाचणीत एकाच वाणावर भागत नाही. वेगवेगळ्या रुग्णांकडून मिळालेले अनेक वाण घ्यावे लागतात, कारण फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षे सांभाळलेली बुरशी आणि माणसाच्या अंगावरून नुकतीच आलेली बुरशी सारखी वागेलच असे नाही.

ताटलीत पास, पुढे नापास

बहुतेक संयुगे इथेच गळतात. जी उरतात त्यांच्यापुढे पुढचे प्रश्न असतात.

पहिला, बुरशी मेली की नुसती झोपली? न वाढलेल्या खळग्यातला थेंब औषध नसलेल्या ताटलीवर ठेवतो. तिथे ती उगवली तर औषधाने तिला थोपवले होते, मारले नव्हते.

दुसरा, हे आपल्याच पेशींना मारत नाही ना? मानवी त्वचेच्या पेशी आणि रक्तातल्या तांबड्या पेशी यांवर तेच संयुग घालून पाहतात. तांबड्या पेशी फुटून द्रव लाल झाला की त्या संयुगाला रामराम. बुरशीला १ मायक्रोग्रॅम आणि आपल्या पेशीला २ मायक्रोग्रॅम पुरत असेल, तर ते औषध नव्हे, विषच.

तिसरा, ते रोगाच्या जागी पोचते का? बुरशी केराटिनमध्ये राहते आणि पुष्कळ संयुगे केराटिनलाच घट्ट चिकटून बसतात. मग बुरशीच्या वाट्याला काय उरणार? नखाच्या बाबतीत हे फार जाणवते. एफिनाकोनाझोल हे नखाला लावायचे औषध अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाले. ताटलीत ते फार तेज आहे. पण माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत ५२ आठवड्यांनी नख पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण होते १७.८ आणि १५.२ टक्के. नुसता औषधाविना द्रव लावलेल्यांत ते ३.३ आणि ५.५ टक्के होते. औषध नक्कीच गुणकारी, पण ताटली आणि माणूस यांच्यात एवढे अंतर असते.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बुरशी या औषधालाही दाद न देणारी व्हायला किती वेळ लागेल? त्यासाठी औषध मिसळलेल्या ताटलीवर आम्ही कोट्यवधी बीजाणू एकदम टाकतो. त्या गर्दीत एखादा आधीच बदललेला असेल तर तोच तेवढा उगवतो. किंवा औषध अगदी थोडे थोडे देत, पिढ्यामागून पिढ्या वाढवत, बुरशीला जणू सवय लावतो. मुद्दाम करतो, म्हणजे पुढचा धोका आधी कळावा. या सगळ्या ताटल्या बंद कपाटात, हातमोजे घालून हाताळायच्या आणि काम झाल्यावर वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून टाकायच्या असा कडक नियम आहे.

आमच्या घरी काय घडले ते आता पाहा. टर्बिनाफिन आठवडाभर लावायचे, खाज थांबली की सोडायचे, परत लावायचे, वर स्टेरॉइडने शरीराचा पहारा उठवायचा. मी प्रयोगशाळेत जो प्रयोग कुलूपबंद खोलीत करते, तोच आपण घरोघरी उघड्या त्वचेवर करत असतो. त्यातून तगून उरलेली बुरशी टॉवेलवरून, चादरीवरून घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जाते. आमच्याकडे आली ती बहुधा आधीच बदललेली होती. पण अशा हजारो घरांतून तिला पसरायला रान मोकळे मिळाले, आणि त्यात माझ्या घराने भर घातली.

वेळ आणि पैसा

या चाचण्यांनंतर प्राण्यांवरचे प्रयोग (गजकर्णासाठी बहुधा गिनीपिग), मग निरोगी माणसांवर सुरक्षिततेची चाचणी, मग थोड्या रुग्णांवर, मग शेकडो रुग्णांवर. शेवटी एफ.डी.ए.ची मंजुरी. हा प्रवास किती लांब असतो याचे उदाहरण टर्बिनाफिनचेच घ्या. त्याचे मूळ संयुग नॅफ्टिफिन १९७४ साली व्हिएन्नातल्या सँडोझ कंपनीच्या संशोधन संस्थेत, दुसऱ्याच औषधाच्या शोधात असताना हाती लागले. त्यात सुधारणा करून टर्बिनाफिन झाले, आणि अमेरिकेत त्याच्या गोळ्या आल्या १९९६ साली. बावीस वर्षे! एवढ्या मेहनतीचे औषध एका दुव्याच्या बदलाने कुचकामी होते.

शिवाय गजकर्णाने कुणी मरत नाही आणि औषध काही आठवड्यांपुरतेच घ्यायचे असते. रक्तदाबासारखे जन्मभर नाही. त्यामुळे कंपन्यांना यात पैसा घालण्याची घाई नसते. म्हणजे नवे औषध येईल तेव्हा येईल, आज हातात आहेत ती थोडी औषधे जपून वापरणे हाच शहाणपणा.

आमच्या दोघांना शेवटी इट्राकोनाझोल दिले. दोन महिने घ्यावे लागले आणि चट्टे गेले. पण तेही सोपे नव्हते. सासूबाई कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन घेत होत्या, आणि ही दोन औषधे एकत्र घेता येत नाहीत. स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. डॉक्टरांनी आधी ती गोळी बदलली. हार्ट फेल्युअर असलेल्यांनाही इट्राकोनाझोलबाबत कडक इशारा आहे. विमा कंपनीने आधी परवानगी मागितली. बुरशीचा अहवाल हातात होता म्हणून ती मिळायला सोपे गेले.

आपण काय करावे?

१. ट्यूबची मागची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसले तर त्यात स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोल चट्ट्यांवर लावू नका. बरेच महिने लावत असाल तर डॉक्टरांना विचारून बंद करा.

२. डॉक्टरांकडे जाताना ट्यूब बरोबर न्या. संकोच करू नका. कुठे प्रवास केला, किती दिवस काय लावले, घरात आणखी कुणाला आहे, हे सगळे सांगा.

३. औषधाने तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचा खरवडून तपासण्याची आणि बुरशी वाढवून पाहण्याची विनंती करा. इंडोटिनिए साध्या तपासणीत तिच्या जवळच्या बहिणींसारखीच दिसते, नक्की ओळखायला तिच्या जनुकांची तपासणी लागते आणि ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते. हे नाव डॉक्टरांपुढे आपणहून काढायला हरकत नाही.

४. खाज थांबली म्हणजे बुरशी गेली असे नव्हे. सांगितलेले सगळे दिवस औषध घ्या.

५. घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी करा. टॉवेल, कपडे, चादरी वेगळ्या ठेवा, गरम पाण्यात धुवा, ड्रायरमध्ये पूर्ण वाळवा. आंघोळीनंतर जांघ, काख, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

६. इतर कोणती औषधे चालू आहेत ती यादी डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला दाखवा, विशेषतः आईवडील भारतातून आले असतील तर त्यांच्या तिकडच्या गोळ्यांसकट. गरोदर स्त्रियांनी कोणतीही गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

सासूबाई यंदा पुन्हा येणार आहेत. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाल्या, "अगं, केमिस्टकडे गेले होते. त्यानं तीच ट्यूब पुढे केली. मी म्हटलं, मागचं वाचून दाखव आधी." लोणच्याचा मसाला, भाजणी आणि गोडा मसाला मात्र नेहमीप्रमाणे येणार आहे.

पिकनिकमध्ये ज्या मैत्रिणीने विचारले होते तिला मी त्याच दिवशी सांगितले, माझ्याकडे जालीम ट्यूब नाही, पण त्वचेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे आणि यजमानांना बरोबर ट्यूब न्यायला सांग. हा लेख माहितीसाठी आहे, उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत. कुणाला काही विचारायचे असेल तर पुढच्या कार्यक्रमात भेटूच. बाजूला घेऊन विचारलेत तरी चालेल.